अव्यवस्थेतील इलेक्ट्रॉन : नीच तापमानातील धातुकाचा

शुद्ध तांब्याची तार थंड करत नेली, तर तिचा विद्युत रोध घटत जातो आणि द्रवरूप हेलियमच्या तापमानाला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, तो खोलीच्या तापमानाला असलेल्या रोधाच्या शंभराव्या हिश्शाहूनही खाली येऊ शकतो. ज्या मिश्रधातूंना धातुकाचा म्हटले जाते, त्यांची फीत तितकीच थंड केली तर तिच्या रोधात एकूण काही टक्क्यांचाच फरक पडतो. कित्येक धातुकाचांत तो कमी होण्याऐवजी वाढतो, आणि ज्यांत तो आधी कमी होतो त्यांपैकी अनेकींत शेवटच्या दहा-वीस अंशांत पुन्हा वर वळतो. हा वळसा इतका लहान असतो की साध्या मीटरवर तो दिसणारही नाही. तरीही १९७० नंतरची सुमारे दोन दशके अनेक देशांतील प्रयोगशाळांनी त्याचा चिकाटीने पाठपुरावा केला, कारण इलेक्ट्रॉन घन पदार्थात तरंगासारखा वागतो याची खूण याच किरकोळ वाटणाऱ्या फरकात दडलेली होती.

धातूला रोध का असतो, या प्रश्नाचे उत्तर प्रथमदर्शनी वाटते तितके सरळ नाही. १९२८ मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी दाखवून दिले की अणू काटेकोर नियमित अंतरांवर मांडलेले असतील, तर इलेक्ट्रॉनचा तरंग त्या जाळीतून विनाअडथळा पुढे जातो. अणू दाटीवाटीने बसलेले आहेत म्हणून वाट अडते, ही कल्पना चुकीची आहे. वाट अडते ती नियमितपणा मोडल्यामुळे, आणि तो दोन प्रकारांनी मोडतो. एक तर जाळीत परके अणू, रिकाम्या जागा किंवा इतर दोष असतात, आणि दुसरे म्हणजे उष्णतेमुळे अणू आपापल्या जागी सतत थरथरत असतात. पहिल्या कारणाने येणारा रोध तापमानावर अवलंबून नसतो, दुसऱ्या कारणाने येणारा तापमानाबरोबर वाढतो, आणि धातूचा एकूण रोध म्हणजे या दोहोंची साधी बेरीज होय, असा नियम ऑगस्टस मॅथिसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातच मांडला होता. धातू पुरेसा थंड केला की थरथर जवळजवळ थांबते, आणि दोषांमुळे येणारा अवशिष्ट रोध तेवढा उरतो. नेदरलँड्समधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केल्यानंतर हा अवशिष्ट रोध मोजण्यासाठीच पारा निवडला, कारण ऊर्ध्वपातनाने पारा अत्यंत शुद्ध करता येत असे. १९११ मध्ये ४.२ केल्विनला त्या पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला आणि अतिसंवाहकतेचा शोध लागला. केल्विन मापक्रमाचे शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, त्याच्याखाली तापमान जात नाही.

हे सारे विवेचन एका गृहीतावर उभे आहे : व्यवस्था हा नियम आणि दोष हा अपवाद. धातुकाचेत हे गृहीतच उरत नाही.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पोल दुवेझ आणि त्यांचे सहकारी क्लेमेंट व विलेन्स यांनी १९६० मध्ये सोने आणि सिलिकॉन यांच्या वितळलेल्या मिश्रणाचा थेंब थंड तांब्याच्या पृष्ठभागावर वेगाने आदळवला. सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने तो गोठला आणि अणूंना स्फटिकाच्या रांगेत बसायला वेळच मिळाला नाही. द्रवात ते जसे विस्कळीत होते तसेच जागच्या जागी अडकले. अशा घन पदार्थाला पारदर्शकता नसते, तो इतर धातूंसारखाच चकाकतो आणि वीज वाहतो. काचेशी त्याचे साम्य आहे ते केवळ अणुरचनेचे. पुढे वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर द्रव मिश्रधातूची धार सोडून वीस ते पन्नास मायक्रोमीटर जाडीच्या सलग फिती काढण्याची पद्धत रुळली, आणि लोह, बोरॉन व सिलिकॉन यांच्या अशाच फिती आज वितरण रोहित्रांच्या गाभ्यांत वापरल्या जातात. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच लक्षात घ्यायचे की या फितींमुळे भौतिकशास्त्रज्ञांच्या हाती एक असा धातू आला, ज्यात अणूंचा प्रत्येक शेजार थोडाथोडा वेगळा आहे. शेजारच्या अणूंमधील अंतरे ढोबळमानाने सारखी असतात, म्हणजे जवळच्या टापूत थोडी शिस्त असते, पण चार-पाच अणूंच्या पलीकडे पुढचा अणू नेमका कोठे असेल हे सांगता येत नाही.

याचा रोधावर होणारा परिणाम आकड्यांतच पाहावा. एक सेंटिमीटर लांब आणि एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या तुकड्याचा रोध म्हणजे त्या पदार्थाची रोधकता. खोलीच्या तापमानाला तांब्याची रोधकता सुमारे १.७ मायक्रोओहम-सेंटिमीटर भरते, तर बहुतेक धातुकाचांची १०० ते ३०० मायक्रोओहम-सेंटिमीटर. तांब्यात इलेक्ट्रॉन एका विचलनापासून दुसऱ्या विचलनापर्यंत सुमारे चाळीस नॅनोमीटर, म्हणजे शंभराहून अधिक अणू ओलांडून जातो. धातुकाचेत हे अंतर, ज्याला सरासरी मुक्त पथ म्हणतात, एका-दोन अणूंइतकेच राहते. मुक्त पथ दोन अणूंमधील अंतराहून कमी होऊ लागला, तर एका जागेहून दुसऱ्या जागी प्रवास करणारा इलेक्ट्रॉन ही कल्पनाच निरर्थक ठरते, हे रशियन शास्त्रज्ञ इऑफे आणि रेगेल यांनी १९६० मध्येच निदर्शनास आणले होते. धातुकाचा या मर्यादेच्या अगदी कडेला उभ्या आहेत. वाट आधीच इतकी अडलेली असताना अणूंच्या थरथरीने तिच्यात आणखी भर ती काय पडणार, आणि म्हणूनच तापमान तीनशे केल्विनवरून चारवर आणले तरी रोध फारसा हलत नाही. मॅथिसन यांच्या बेरजेचा नियम येथे लागू पडत नाही.

फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील डच शास्त्रज्ञ मूई यांनी १९७३ मध्ये अनेक विस्कळीत मिश्रधातूंची मोजमापे एकत्र मांडली, तेव्हा त्यांतून एक सोपा संबंध पुढे आला. रोधकता सुमारे १५० मायक्रोओहम-सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर तापमानाबरोबर रोध वाढतो. त्याहून अधिक असेल, तर तापमान वाढताना रोध घटतो. धातूने अर्धवाहकासारखे उलटे वागावे, हे विचित्रच होते. याचे एक स्पष्टीकरण जॉन झायमन यांनी द्रव धातूंसाठी उभारलेल्या सिद्धांतातून मिळाले. विस्कळीत अणूंमध्येही सरासरी अंतर ठरलेले असल्यामुळे काही विशिष्ट तरंगलांबीच्या तरंगांना ती रचना फार जोराने परत फेकते. धातूतील वीजवाहक इलेक्ट्रॉनची तरंगलांबी नेमकी तेथेच पडली, तर रोध मोठा होतो. तापमान वाढले की अणूंच्या थरथरीने ही जवळच्या टापूतील शिस्तही पुसट होते, परतफेक मंदावते आणि रोध उतरतो. ज्या मिश्रधातूंत प्रत्येक अणूमागे दोनच्या आसपास वीजवाहक इलेक्ट्रॉन असतात, त्यांत ही जुळणी सहज साधते. झायमन यांचा सिद्धांत सुबक आहे, पण तो मुक्त पथ पुरेसा लांब असल्याचे गृहीत धरतो; त्यामुळे सर्वाधिक रोधकतेच्या धातुकाचांसाठी त्याच्यावर विसंबणे योग्य नव्हते, आणि तीस-चाळीस केल्विनच्या खाली दिसणाऱ्या वर्तनाबद्दल तर त्याला काही सांगताच येत नव्हते.

त्या पट्ट्यातील मोजमाप हे स्वतःच कौशल्याचे काम आहे. सेंटिमीटरभर लांब आणि मिलिमीटरभर रुंद फितीचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असतो, आणि त्यात होणारा बदल कधी हजारात एक, कधी दहा हजारात एक भाग इतकाच. जोडतारांचा रोधच याहून मोठा असल्याने फितीला चार जोड देतात : बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोहोंमधील विद्युतदाब मोजायचा, म्हणजे जोडांचा रोध हिशेबात येत नाही. प्रवाह थोडा जरी जास्त झाला तरी फीत स्वतःच तापते, आणि एक केल्विनच्या खाली तेवढी ऊबही निष्कर्ष बिघडवायला पुरते. हेलियमवरील दाब पंपाने उतरवून एक केल्विनच्या थोडे वरपर्यंत पोहोचता येते. त्याहून खाली जाण्यासाठी हेलियमचा दुर्मिळ हलका समस्थानिक वापरणारी शीतनयंत्रे लागतात, जी निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या काही शतांश भागापर्यंत नेतात. इतक्या परिश्रमानंतर हाती येणारा आलेख म्हणजे किंचित वर वळलेली एक रेघ, पण तिच्या वळणाचा गणिती आकार कोणता यावर सगळा वाद उभा होता.

रोध एका तापमानाला किमान होऊन पुन्हा वाढतो, ही घटना नवी नव्हती. लायडनमध्येच १९३४ मध्ये सोन्याच्या तारेत ती दिसली होती, आणि तीस वर्षांनी, १९६४ मध्ये, जपानी शास्त्रज्ञ जुन कोंडो यांनी तिचे कारण सांगितले : सोन्यात लोहासारख्या चुंबकी अणूंचा लवलेश असतो, इलेक्ट्रॉन आणि त्या अणूचे चुंबकत्व एकमेकांची दिशा उलटवत राहतात, आणि हे प्रकीर्णन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे विखुरणे, तापमान उतरेल तसे लॉगरिदमच्या प्रमाणात वाढते. धातुकाचांतील वळसा पाहिल्यावर प्रथम कोंडो परिणामच आठवावा, हे स्वाभाविक होते. अडचण अशी की हा वळसा लोहचुंबकी धातुकाचांतही सापडला, जेथे लोहाच्या अणूंचे चुंबकत्व एकमेकांशी जखडलेले असते आणि एखाद्याने सुटेपणाने दिशा उलटवावी अशी मोकळीक जवळजवळ नसते. शिवाय बलवान चुंबकी क्षेत्र लावूनही तो मिटत नव्हता. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या कॉक्रेन, हॅरिस, स्ट्रॉम-ओल्सन आणि झुकरमन या चौघांनी १९७५ मध्ये म्हणून वेगळे कारण सुचवले. साध्या काचेतही फार कमी तापमानाला उष्णताधारकता अपेक्षेहून जास्त भरते, हे झेलर आणि पोल यांनी १९७१ मध्ये दाखवले होते, आणि पुढच्याच वर्षी अँडरसन, हॅल्पेरिन व भारतीय भौतिकशास्त्रज्ञ चंद्र वर्मा यांनी, तसेच स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी, त्याचा अर्थ लावला होता : काचेत काही अणूंना बसण्यासाठी जवळजवळ सारख्याच दोन जागा उपलब्ध असतात, आणि पुंजयामिकीच्या नियमांनुसार ते मधला अडसर न ओलांडताही एका जागेवरून दुसरीकडे जातात. अशा दोन जागांच्या अणूंवरून विखुरणारे इलेक्ट्रॉन कोंडो परिणामासारखाच वळसा निर्माण करतील आणि त्यावर चुंबकी क्षेत्राचा परिणाम होणार नाही, असे मॅकगिलच्या गटाचे म्हणणे होते. काचेच्या स्वभावातूनच विद्युत गुणधर्म उलगडू पाहणारी ही कल्पना आकर्षक होती, आणि काही वर्षे तिला मोठा आधारही लाभला.

खरा उलगडा दुसऱ्या दिशेने आला, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक भारतीय नाव आहे. १९७९ मध्ये अब्राहम्स, अँडरसन, लिचार्डेलो आणि टी. व्ही. रामकृष्णन यांनी अव्यवस्थित पदार्थांतील वहनाचा जो सिद्धांत मांडला, त्याने या क्षेत्राची भाषाच बदलली. विखुरत विखुरत भटकणारा इलेक्ट्रॉन कधी कधी फिरून मूळ जागी येतो. हा फेरा ज्या अणूंवरून झाला त्याच अणूंवरून उलट्या क्रमानेही होऊ शकतो, आणि देवळाची प्रदक्षिणा उजवीकडून घातली काय किंवा डावीकडून, चालावे लागते तेवढेच, तसे या दोन फेऱ्यांचे अंतर तंतोतंत सारखे असते. इलेक्ट्रॉन तरंगरूपात या दोन्ही वाटांनी एकाच वेळी जातो. अंतर सारखे असल्यामुळे परत आलेल्या दोन तरंगांचे उंचवटे एकमेकांवर नेमके पडतात, आणि इलेक्ट्रॉन सुरुवातीच्या जागी परत सापडण्याची शक्यता दुप्पट होते. जो मागे फिरला तो पुढे गेला नाही, म्हणजे वीज तितकी कमी वाहिली. यालाच क्षीण स्थानबंधन म्हणतात. तापमान वाढले की अणूंची थरथर वाटेतच तरंगाची लय मोडते, दोन फेऱ्यांचा मेळ सुटतो आणि रोध कमी होतो. मूई यांच्या नोंदींतील उलट्या वर्तनाचा एक मोठा भाग असाच समजावून घेता आला.

या स्पष्टीकरणाची कसोटी चुंबकी क्षेत्राने घेता येते, आणि सबंध विषयातील सर्वांत देखणा भाग हाच आहे. चुंबकी क्षेत्र उजव्या फेऱ्यातील तरंगाला एका बाजूने आणि डाव्या फेऱ्यातील तरंगाला विरुद्ध बाजूने सरकवते, त्यामुळे दोघांचा मेळ बिघडतो आणि रोध उतरायला हवा. हलक्या मूलद्रव्यांच्या धातुकाचांत, उदाहरणार्थ मॅग्नेशियम-तांबे या मिश्रधातूत, क्षीण क्षेत्रांपलीकडे असा उतार दिसतो. पण त्यात सोन्यासारखे जड अणू थोडे मिसळले, तर क्षेत्र लावल्यावर रोध उतरण्याऐवजी चढतो. जड अणूच्या केंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉनच्या परिवलनाची दिशा फिरत जाते, आणि परिवलन ही अशी राशी आहे की एक पूर्ण वळसा घेतल्यावर तिचा तरंग मूळ रूपात न येता ऋण चिन्हाने येतो. दोन फेऱ्यांतील तरंग आता एकमेकांना बळ देण्याऐवजी खोडतात आणि मागे फिरणे अवघड होते. मूठभर जड अणूंनी परिणामाचे चिन्ह उलटावे आणि सिद्धांताने ते आधीच सांगावे, इतका नेमका मेळ घन पदार्थांच्या भौतिकीत वारंवार आढळत नाही. हे प्रयोग पातळ पटलांवरही झाले, परंतु फितीसारख्या त्रिमितीय नमुन्यांत सिद्धांताची आकडेवारी तपासायला धातुकाचांइतके एकजिनसी आणि घटकांचे प्रमाण मनाजोगे बदलता येणारे दुसरे द्रव्य क्वचितच होते.

अगदी तळाच्या, म्हणजे साधारण दहा केल्विनखालच्या वळशाचे श्रेय मात्र मुख्यतः दुसऱ्या परिणामाला जाते. त्याच १९७९ मध्ये सोव्हिएत संघातील आल्टशुलर आणि आरोनोव यांनी दाखवले की अव्यवस्थित धातूत इलेक्ट्रॉन रेंगाळत पसरतात, त्यामुळे एकमेकांजवळ आलेले दोन इलेक्ट्रॉन अधिक काळ जवळ राहतात आणि त्यांच्यातील विद्युत प्रतिसारण एरवीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते. याचा निष्कर्ष असा की तापमान उतरताना वाहकता त्याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटत जावी. लॉगरिदम आणि वर्गमूळ यांचे आलेख थोड्याशा पट्ट्यात इतके सारखे दिसतात की जुनी मोजमापे दोहोंशी जुळवता येत. तापमान अंशाच्या दशांशापर्यंत खाली नेल्यावर मात्र वर्गमूळाची बाजू वरचढ ठरली. कानपूरच्या आयआयटीत ए. के. मजुमदार यांच्या गटाने लोहचुंबकी धातुकाचांवर केलेली मोजमापेही याच बाजूची आहेत. विशेष म्हणजे १९७५ मध्ये दोन जागांच्या अणूंची कल्पना मांडणाऱ्यांपैकीच कॉक्रेन आणि स्ट्रॉम-ओल्सन यांनी १९८४ मध्ये अनेक धातुकाचांचे आलेख शेजारी ठेवून दाखवले की वर्गमूळाशी वाहकतेचा चढ रासायनिक घटक कोणतेही असोत, जवळजवळ सारखाच असतो. लोह असो वा झिर्कोनियम, चुंबकी असो वा नसो, चढ तोच, याचा अर्थ कारण अणूंच्या जातीत नसून अव्यवस्थेतच आहे. दोन जागांचे अणू धातुकाचांत नक्कीच असतात, ध्वनितरंगांच्या शोषणात त्यांचा ठसा स्वच्छ उमटतो. परंतु विद्युत रोधाच्या वळशाला तेच कारण आहेत, हा दावा बहुतेक मिश्रधातूंच्या बाबतीत मागे पडला आहे, आणि तो योग्यच मागे पडला.

अव्यवस्था नेहमी अडवतेच असे मात्र नाही. बिस्मथ या धातूच्या स्फटिकात लाखभर अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो, कारण त्याच्या नियमित रचनेतच बाकीचे इलेक्ट्रॉन अडकून पडतात. अशा शुद्ध स्फटिकात अतिसंवाहकता आहे की नाही, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ती दाखवून दिली, पण ०.५३ मिलिकेल्विन, म्हणजे एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतक्या तापमानाखाली. याच बिस्मथची वाफ अतिशीत पृष्ठभागावर गोठवून त्याचे अस्फटिकी पटल केले, तर ते सहा केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होते, ही गोष्ट जर्मनीत बुकेल आणि हिल्श यांनी १९५४ मध्येच नोंदवली होती. मूलद्रव्य तेच, शिस्त मोडल्याबरोबर अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे झाले आणि संक्रमणाचे तापमान दहा हजार पटींहून अधिक वर गेले. द्रवातून वेगाने गोठवलेल्या धातुकाचेत अतिसंवाहकता प्रथम आढळली ती १९७५ मध्ये, दुवेझ यांच्याच गटाला, लँथनम आणि सोने यांच्या मिश्रधातूत, साडेतीन केल्विनच्या जवळपास. प्रत्येक अणूपाशी विखुरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या, अतिसंवाहकतेसाठी लागणाऱ्या जोड्या कशा जुळाव्यात, असा प्रश्न येथे पडतो, आणि त्याचे उत्तर फिलिप अँडरसन यांनी १९५९ मध्येच दिले होते : जोडी जुळते ती काळ उलटवला असता एकमेकांत बदलणाऱ्या दोन अवस्थांची, आणि चुंबकी नसलेली अव्यवस्था ही जुळणी मोडत नाही.

टंगस्टन आणि सिलिकॉन यांचे अस्फटिकी अतिसंवाहक पटल याच कुळातले आहे. त्याच्यात स्फटिककणांच्या सीमा नसल्याने काही नॅनोमीटर जाडीची तार सर्वत्र सारखी निघते, आणि तीवर एकच प्रकाशकण पडला तरी अतिसंवाहकता क्षणभर मोडून रोध प्रकट होतो, जो मोजता येतो. नासाच्या सायकी यानाने डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून लेझरद्वारे चलचित्र पाठवले, तेव्हा कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या हेल दुर्बिणीवर ते प्रकाशकण टिपणारा शोधक टंगस्टन-सिलिकॉनच्या अशाच तारांचा, सुमारे एक केल्विनपर्यंत थंड केलेला होता.